बांगडीभोवतीचे अंगठे

काल पणतीनं माझी बांगडी वहीवर ठेवून पेन्सिलीनं गोल काढला, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शेंगांच्या फोलपटांची धूळ माझ्या नाकात भरली.

बारामतीत शेंगा फोडायच्या गिरणीत आम्ही बायका कामाला होतो. तिथल्या यंत्राच्या उघड्या पट्ट्यानं आमच्यातल्या गयाबाईचा अंगठा नेला. पट्ट्याला जाळी लावायचा कायदा आहे, असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं आणि मालकाच्या नावानं अर्जही लिहून दिला. पण पहिला अंगठा उठवणारीचं काम जाणार, म्हणून कुणी पुढं होईना.

गयाबाईनं दुखऱ्या हातातून काढलेली बांगडी कागदावर ठेवली. म्हणाली, "हिच्याभवती लावा गं. मग पयली कोन, ते कुनालाच कळायचं न्हाय."

आम्ही भोवतीनं अंगठे उठवले. मधोमध तिनं अंगठ्याऐवजी चिंधी बांधलेल्या हाताची करंगळी शाईत बुडवून टेकवली.

मालकानं कागद चारी बाजूंनी फिरवला. "ह्यात पहिली कोण?" म्हणेस्तोवर त्याची नजर त्या करंगळीवर थांबली. आठवड्यात जाळी बसली.

"आजी, मधी काय काढू?" पणतीनं विचारलं.

"करंगळी काढ," म्हटलं, आणि दहाही बोटं शाबूत असलेल्या हातांनी तिची वेणी घालायला बसले.