वाघदेवाच्या टेकडीवरची काडीपेटी

ज्याच्या मुखाने देव आहुती स्वीकारतात आणि ज्याला साक्षी ठेवून माणसे वचन देतात, त्या अग्निनारायणास प्रथम नमस्कार असो. आणि ज्या सातपुड्याच्या अंगाखांद्यावर आम्ही दोघे पंधरा वर्षे हिंडलो, त्या पर्वतासही. वनखात्यातील निवृत्त वनपाल, माझे स्नेही गोविंदभाऊ यांना जाऊन आज दीड महिना होत आहे. त्यांच्या स्मरणार्थ लिहावयास बसलो आहे. आयुष्यभर मृत्यूविषयीचे श्लोक विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले. तार हातात पडली तेव्हा त्यांतला एकही आठवला नाही.

पौषातली सकाळ होती. संध्या आटोपून मी फैजपूरच्या घरी ओसरीवर आलो, तो तारवाला दारात उभा. पाचोऱ्याहून त्यांच्या जावयाने तार केली होती. दोन ओळी मी चार वेळा वाचल्या आणि तारवाल्यालाच विचारले, "ही माझीच ना रे?" गोविंदभाऊ पाचोऱ्याच्या स्टेशनवर बाकावर बसल्या बसल्या गेले होते. धुळ्याहून निघून दोन दिवस लेकीकडे राहिले, आणि तेथून आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने माझ्याकडेच यावयास निघाले होते... माघातल्या सहलीची तिथी ठरवावयास. ज्या माणसाला मी पेटलेल्या डोंगराच्या धुरात शिरताना आणि काळा होऊन हसत बाहेर येताना पाहिले, तो थंड सकाळी एका लाकडी बाकावर, कोणालाही हाक न मारता जावा, हे माझ्या बुद्धीला अजून मानवत नाही.

त्या सहलीविषयी वाचकांना सांगावयास हवे. दरवर्षी माघात, रान वाळू लागण्याच्या आत, गोविंदभाऊ आमच्या शाळेची मुले, केळीबागांचे शेतकरी आणि पाड्यांवरची मोहफुले वेचणारी मंडळी यांना एकत्र करून यावलच्या वरच्या अंगाला सातपुड्यात नेत असत. संस्कृतचा शिक्षक या सहलीत कशाला, असे मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा गोविंदभाऊंनी उत्तर दिले होते, "साहेब, मी सांगितलेलं पोरं विसरतात. गुरुजींनी सांगितलेलं पाठ करतात." डोंगरात ते आम्हांला जाळरेषा दाखवीत. उन्हाळ्यापूर्वी गवताचा रुंद पट्टा कापून, राखणीखाली जाळून मोकळा ठेवायचा, म्हणजे पुढे येणारा वणवा त्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरतो. मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवून फुले वेचण्याची रीत किती महाग पडते, हे ते न रागावता समजावीत. मग उघड्या कातळावर बसून दोन काड्या ओढीत. एक काडी गुलाचे टोक वर करून धरीत, ती सावकाश जळे. दुसरी गूल खाली करून धरीत, आणि ज्वाला सरसर चढून बोटांशी येई. "पाह्यलं? आग डोंगर चढताना पळस, उतरताना रांगस. म्हनून आगीच्या वर कधी उभं राहू नका," असे म्हणून दोन्ही काड्या लोट्यातल्या पाण्यात बुडवीत. ते मूळचे साक्रीकडचे. कचेरीत शुद्ध बोलत, रानात शिरले की जिभेवर खानदेशी येई.

त्यांचा एक दंडक होता. वननाक्यावर खाकी कापडाची एक पिशवी सर्वांपुढे फिरे आणि प्रत्येकाने आपली काडीपेटी तीत टाकायची. प्रत्येक पेटीवर नावाची चिठ्ठी चिकटवीत आणि परतताना ज्याची त्याला देत. पाड्यावरचे म्हातारे चेष्टा करीत, "भाऊ, बायको बी ठेवी लेतस का पिशवीमां?" त्यावर हे म्हणत, "ती पेटस का? पेटत व्हई तर टाक!" आणि सारा नाका हसे.

आता जे लिहिणार आहे, ते आजवर मी कोणासही सांगितलेले नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षे आधीची सहल होती ती. पिशवी माझ्यापुढे आली. "गुरुजी, तुमनी पेटी?" मी म्हणालो, "गोविंदभाऊ, मी विडी ओढत नाही." ते हसून पुढे गेले. माझे वाक्य अक्षरशः खरे होते. परंतु माझ्या झोळीत फुलवाती, तुपाची डबी आणि काडीपेटी होती. वाटेत वाघदेवाची टेकडी लागते. शेंदूर लावलेल्या त्या पाषाणापुढे मध्यान्ही निरांजन लावावे असा माझा नेम होता. देवाची ज्योत विडीवाल्यांच्या दंडकात कशी बसेल, असे मला प्रामाणिकपणे वाटले. मंडळी खालच्या झऱ्यावर भाकरी खावयास बसली, तेव्हा मी एकटा वर गेलो, निरांजन लावले, डोळे मिटले. वारा उठला तो मला कानांनी कळला. डोळे उघडले तेव्हा वात पाषाणाखालच्या सागाच्या पाल्यात पडली होती आणि कुसळी गवत कडकडत वर चढत होते.

मी ओरडलो. गोविंदभाऊ ओल्या फांद्या घेऊन चार माणसांसह धावत आले. प्रथम त्यांनी मला दंडाला धरून खाली लोटले, "मुलं सांभाळा! झऱ्याच्या पाण्यात उभी करा!" मुले वाचली. पण टेकडीचा सारा वरचा उतार गेला. त्यांनी तीन पावसाळे लेकरांसारखी जपलेली अंजनाची आणि सागाची रोपे गेली, आणि त्यांचा डावा तळवा असा भाजला की तो पुढे कधी पुरता उघडला नाही. संध्याकाळी राखेत बसून ते मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, रानले देवनी काडी आन् बिडीनी काडी येकच शे."

चौकशीला वरचे साहेब आले. नाक्यावर विचारले, "काडीपेटी कोणाची होती?" मी तीन पावलांवर उभा होतो. मी बोलणार होतो, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. गोविंदभाऊ म्हणाले, "साहेब, पेट्या मी गोळा केल्या. मोजण्यात चूक माझी." त्यांची रेंजर म्हणून होणारी बढती थांबली आणि बदली पिंपळनेरच्या बाजूला झाली. मी पाय धरावयास गेलो तर त्यांनी मला उठवले. "तुमनं नाव निघतं तर शाळा पोरं धाडती का? सहल मोडती. रान पुन्हा उगस, गुरुजी. लोकेसना भरोसा उगत नही." पुढच्याच आठवड्यात वर्गात सत्याचा महिमा सांगणारे सुभाषित शिकवावयाचे होते. मी ते शिकवले.

पिंपळनेरहून, आणि निवृत्तीनंतर धुळ्याहून, रजा काढून वा पदरमोड करून ते दर माघात येतच राहिले. नाक्यावर पिशवी प्रथम माझ्यापुढे धरीत, "आधी गुरुजी!" न ओढणाऱ्या माणसाची ही थट्टा समजून लोक हसत, मी मुकाट्याने झोळीतली पेटी काढून देई. त्या टेकडीवर मंडळींना थांबवून ते सांगत, "हे एका माणसाच्या एका काडीनं जळालं." माणसाचे नाव कधी घेतले नाही. माझ्याकडे कधी पाहिलेही नाही. न पाहण्याची ती दया मला डागणीसारखी लागे.

गेल्या मार्गशीर्षात धुळ्याला त्यांच्या अंगणात बसलो असता मी म्हणालो, "यंदा टेकडीवर तुम्ही बोलू नका. मी बोलणार." त्यांनी भाजलेल्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मग हसले. "बोला. मंग तुमनी पेटी तुमले परत." मला त्याचा अर्थ लागला नाही. माझी त्या दिवसाची पेटी तर आगीत गेली, असेच मी धरून चाललो होतो...

तेराव्याला गेलो तेव्हा सुमनअक्कांनी, त्यांच्या पत्नीने, ती खाकी पिशवी माझ्या हाती दिली. "बाकावर त्यांच्या मांडीवर होती, गुरुजी. आत एकच पेटी आहे. तुमचीच आहे." एक कड करपलेली, पाषाणाजवळ मी टाकून पळालो ती काडीपेटी. त्यांनी त्याच दिवशी उचलून ठेवली असावी. वरची चिठ्ठी मात्र नवी, नुकतीच चिकटवलेली होती. गोविंदभाऊंचे सरळ अक्षर, "गुरुजींची. बोलून झाल्यावर देणे."

बोलावयाचे होते ते त्यांच्यासमोर. आता ऐकणारा नाही, म्हणून तुम्हांसमोर बोललो. वाघदेवाची टेकडी मी जाळली. गोविंदभाऊंची मोजण्यात चूक झाली नव्हती. येत्या माघ वद्यात सहल निघेल, आणि त्या काळ्या उतारावर उगवलेल्या अंजनांच्या पोरवयातल्या झाडांपुढे हेच मी मुलांना तोंडी सांगेन. पिशवी सध्या माझ्या देवघराच्या खुंटीवर आहे. पेटी तिच्यातच ठेवली आहे, चिठ्ठी काढलेली नाही. देव्हाऱ्यातली समई रोज दुसऱ्या पेटीने लावतो, आणि काडी लोट्यातल्या पाण्यात बुडवल्यावाचून डोळे मिटत नाही.

वाचकहो, तुमच्या चुलीतला, समईतला आणि अंतःकरणातला अग्नी आपापल्या मर्यादेत तेवत राहो. तुमच्या लेकराबाळांवर, गोठ्यावर, शिवारावर आणि वरच्या डोंगरावर त्याची कृपाच असो. कल्याणमस्तु.