लाईट लावला की चढणारा काटा

मागच्या आठवड्यात आईच्या डोळ्याची तपासणी होती, म्हणून पिकअप घेऊन बारामतीला गेलो होतो. मोतीबिंदू काढून महिना झालाय... डॉक्टरांनी आता काळा चष्मा नको म्हणून सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर आई प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत बसली.

गाडी मोकळीच होती. हे सांगायचं कारण असं, की आमच्या गाडीचा आजार सगळ्यांच्या मते लोडचा होता.

ही पिकअप आबांनी, म्हणजे वडिलांनी घेतलेली. आबा जाऊन दोन वर्षं झाली. आता मी आणि धाकटा भाऊ संजय तिच्यातून पेरू पुण्याच्या मार्केटला नेतो. निमगाव केतकीवरून अंधारातच निघावं लागतं, आणि हायवेला लागलो की टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागायचा.

मग डाळजच्या आसपास गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, इंजिन थंड व्हायची वाट पाहायची... तोवर मार्केटमधला चांगला भाव निघून गेलेला असायचा. सकाळी मोकळी गाडी घेऊन परत येताना मात्र काटा शहाण्यासारखा मधोमध.

रेडिएटर धुऊन घेतला. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला. काहीच फरक पडेना.

शेवटी संजय म्हणाला, "दादा, इंजिनच गेलंय. किती दिस कुरवाळायचं?" त्याने एक गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं, रविवारी येणार होतं. त्याचं चुकीचं होतं असं नाही. आईला विचारलं तर ती, "तुमी बघा," एवढंच म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली... त्या दिवशी ती जेवली नाही.

तर बारामतीहून येताना लासुर्णे मागे टाकलं आणि अंधारून आलं, म्हणून मी हेडलाईट लावला. पुढे थोडं अंतर गेलो असेन...

आई म्हणाली, "आरं, तू लाईट लावला आन् ह्यो काटा हलला बघ. त्यो दुसरा बी."

मला वाटलं, नव्या नजरेचं कौतुक चाललंय. पण पाहिलं तर खरंच टेंपरेचर लाल पट्टीला टेकलेलं. आणि डिझेल, जे बारामतीत अर्ध्याखाली होतं, ते पंपावर न जाता पाऊण टाकी झालेलं.

गाडी बाजूला घेतली. बॉनेटमध्ये वाफ नाही, वास नाही. लाईट बंद केला, दोन्ही काटे खाली. लावला, दोन्ही वर. आईने मला तसं चार-पाच वेळा करायला लावलं... तिला मजा वाटत होती.

म्हणजे गाडी लोडने तापतच नव्हती. आम्ही लोड अंधारात नेत होतो, आणि अंधारात लाईट लावत होतो. इतकी साधी गोष्ट इतके महिने कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

दोन काटे एकदम बिघडत नाहीत, त्या दोघांत काहीतरी सामाईक असणार. विहिरीवरच्या मोटरीचं अर्थिंग गेलं की करंट भलतीकडेच वाट काढतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दोन्ही काटे असलेल्या मीटरच्या मागे अर्थच्या वायरीला लावलं... आणि संजयला लाईट लावायला सांगितलं. काटे जागचे हलले नाहीत, म्हणजे मीटरचाच अर्थ गेला होता.

मग मीटर पूर्ण बाहेर काढला. अर्थचा स्क्रू हिरवा पडून गंजलेला. त्याच्याभोवती लाल-पिवळा थर घट्ट बसलेला, आणि त्यात तांदळाचे चार दाणे.

संजयने बोटाने खरवडून पाहिलं. हळद-कुंकू होतं.

आबा दसऱ्याला आणि पाडव्याला गाडी पुजायचे. चाकाला, बॉनेटला, आणि मग मीटरलाही... हळद-कुंकू, अक्षता, वरून तांब्यातलं पाणी शिंपडायचं. आबा गेल्यावर आई अगदी तसंच करते. मीटरच्या वरच्या फटीतून वर्षानुवर्षं ते सगळं आत उतरत होतं.

संजयने ते दाणे वेचून माझ्या तळहातावर ठेवले. मग हळूच म्हणाला, "आईला सांगू नको." मीही तेच म्हणणार होतो.

अक्षता मी तुळशीच्या वृंदावनात टाकल्या. तो थर फडक्याने पुसला, स्क्रू घासून बसवला, फडकं धुण्याच्या बादलीत टाकलं. त्याच रात्री पेरूचे क्रेट भरून निघालो... डाळज कधी मागे पडलं कळलंसुद्धा नाही. परत येताना संजयनेच त्या गिऱ्हाईकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. काय बिघाड होता म्हणून विचारलं. संजय म्हणाला, वायर ढिली झाली होती.

"वायरीला कुंकू लावत्यात व्हय रं?" आई म्हणाली. "फडकं म्याच धुतलंय."

 मग तिने गाडीकडे पाहिलं.

"म्हंजी तुमच्या आबांनी आन् मी मिळूनच नासवली म्हणा की गाडी," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पाणी आलं, तर डोळा चोळायचा नाही म्हणून संजय तिच्यावर ओरडला... तरी ती हसतच होती.

आबा गेल्यापासून हे हसू आमच्या घरात ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी देवापुढे बसलो. रोज काही ना काही मागत असतो... त्या दिवशी नुसता बसून राहिलो, आणि नमस्कार करून उठलो.