चार्ज कोणाला द्यायचा

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरी चार तासांची होती. सकाळी नऊ ते एक. चाकणच्या त्या लहान वर्कशॉपमधून बसने मोशीला घरी यायला पाऊण तास. म्हणजे पावणेदोनला ते घरात हवेत. रोज साडेचार व्हायचे. पावणेतीन तास कुठे जातात, ते मला कळत नव्हतं.

वय सदुसष्ट, त्यात मधुमेह. दोनच्या आत जेवण झालंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. डबा ते नेत नसत. "एकला सुटणाऱ्याला डबा कशाला?" म्हणायचे. उशिराचं विचारलं की, "काम होतं." दोनदा घरी आले तेव्हा हात थरथरत होते. तिसऱ्यांदा वर्कशॉपमध्येच मटकन बसले आणि मालकाचा फोन आला.

"मी रोज सांगतो, काका, एक वाजला, निघा. ते मान हलवतात नि तपासत राहतात. वरच्या वेळेचे पैसेही घेत नाहीत. उद्या पडले तर? सोमवारपासून नकोच म्हणतो, भाऊ."

मालक राबवून घेतो, असं मी ठरवून टाकलं होतं. आता कोणावर चिडायचं?

शनिवारी मला सुटी असते. साडेबाराला मी तिथे पोहोचलो. अण्णा टेबलाशी उभे राहून एकेका लोखंडी कडीच्या भोकात मापाचा गेज घालून बघत होते. गेज बसला नाही की कडी लाल ट्रेमध्ये. एक वाजला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि पुढची कडी उचलली. एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा दाराकडे.

"कोणाची वाट बघताय?"

"रिलीव्हरची."

पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं शिफ्ट केली. पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही, हा तिथला नियम.

"अण्णा, इथे पुढची शिफ्टच नाही. कोणी येणार नाही."

"माहितीये रे. वेडा समजतोस का मला?"

"मग?"

"मग काय, अर्धा लॉट टाकून पळू?"

"टाका ना, काका," मालक मागून म्हणाला, "टेबल काही पळून जात नाही!"

कोणी येणार नाही हे माहीत असून वाट बघणाऱ्या माणसाला काय समजवायचं? सोमवार तर दोन दिवसांवर. मी पुढे झालो. "द्या, मी घेतो चार्ज."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "चपलेत आलास कामावर?"

तरी गेज हातात दिला. "दोनशे बारा झाल्यात. नऊ लाल ट्रेमध्ये. गेज दाबायचा नाही, आपसूक जाऊ द्यायचा."

पिशवी उचलून ते निघाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. एक वीस झाले होते.

"हे बरं झालं," मालक म्हणाला. "पण सोमवारी काय?"

सोमवारी मला ऑफिस. मी पुढची कडी उचलली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि तुम्ही आता कधी निघणार?"

मी दाराकडे पाहिलं.