लेबल हिरवं की निळं

हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. महिन्यातून एका रविवारी तिथे जाऊन बसलं की आपोआप साचत जातात. आता इतके साचलेत की सांगून टाकलेले बरे.

मी मूळचा चिंचवडचा. ओरगडमच्या एका कार कारखान्यात पेंट शॉपला नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलो. काम एकच. दाराचा रंग आणि बॉनेटचा रंग जुळतोय की नाही, ते बघायचं. रिटायर झाल्यावर वेस्ट मांबलमला राहिलो आणि वेळ जावा म्हणून नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात जायला लागलो. तिथे कुणीतरी विचारलं, आधी काय करत होता? मी खरं सांगितलं. तीच चूक झाली.

कारण हल्ली भारी नाणी सुटी नसतातच. ग्रेडिंग कंपनी नाणं तपासते, त्याला दर्जा देते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून पाठवते. आमच्यात तिला स्लॅब म्हणतात. आत नाण्याच्या वर एक कागदी लेबल असतं. त्या लेबलाचा रंग कंपनी मधूनमधून बदलते, कधी छपाईतच उन्नीस-बीस होतं. तेवढ्यावर माणसं भांडतात आणि भांडण घेऊन माझ्याकडे येतात.

"सार, हे हिरवं की निळं?"

*

डॉक्टर सुंदरम दाताचे डॉक्टर. त्यांनी जुन्या हिरव्या लेबलाचा एक रुपया मोठ्या मिनतवारीनं मिळवला होता. मंडळाच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली मला दाखवला. मी म्हटलं, हिरवाच. मग सवयीनं उठलो आणि खिडकीपाशी उजेडात धरला. तिथे तो स्वच्छ निळा दिसला.

असं होतं. दिवा बदलला की रंग बदलतो. कारखान्यात आम्ही यासाठी तीन वेगवेगळे दिवे लावून बघायचो. हे मी डॉक्टरांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्लॅब खिशात टाकला आणि जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही खिडकीपाशी जायला नको होतं."

*

अंबत्तूरला मालती मॅडमचा प्लास्टिकच्या बरण्यांचा छोटा कारखाना आहे. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांच्या सासूबाई घरातल्या सगळ्या वस्तूंना गंध लावतात. मिक्सरला, स्कूटरला, गॅसच्या शेगडीला. त्या वर्षी कपाटातल्या स्लॅबलाही लावलं, आणि चांगलं सढळ हातानं. सीलबंद म्हटलं तरी डबीच्या बारीक फटीतून चंदनाचं पाणी आत गेलं आणि पांढरं लेबल पिवळं पडलं.

पुढच्या बैठकीत कोइमतूरहून एक पाहुणे आले होते. त्यांची नजर त्या पिवळ्या लेबलावर खिळली. असा रंग आपण कधीच पाहिला नाही म्हणाले. भिंगातून पाहिलं, फोटो काढले. मालती मॅडम प्रामाणिक. त्यांनी चंदनाचं सगळं सांगून टाकलं.

पाहुण्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, सासूबाई आणखी एक करून देतील का?

*

एकदा एक बँकेतले गृहस्थ माझ्याकडे आले. माझ्या एका स्लॅबचं लेबल फिक्या जांभळट छटेचं होतं, ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, नाण्यावर माझा जीव आहे, आजोबांनी दिलेलं आहे, ते मी देणार नाही.

ते म्हणाले, "नाणं तुम्ही ठेवा हो. मला फक्त डबी द्या."

त्या दिवशी मी चहा न घेता घरी आलो.

*

आमच्यातले सर्वांत जुने म्हणजे गोविंदराव. तंजावरकडचं मराठी घराणं, शाळेत गणित शिकवत. त्यांची मराठी ऐकायला मला कान लावावा लागतो, निम्मी जुनी, निम्मी तमिळ. त्यांच्या बारा स्लॅबच्या ओळीत एकाचं लेबल वेगळ्या रंगाचं होतं. ते त्यांना बघवेना. नवीन डबी घालून मिळते म्हणून त्यांनी तो कंपनीकडे पाठवला. काही महिन्यांनी आला, तेव्हा कंपनीचं लेबल बदललेलं होतं. म्हणजे पूर्वीपेक्षाही वेगळं. मग त्यांनी उरलेले अकरा पाठवले. ते आले तोवर लेबल पुन्हा बदललं होतं.

मी विचारलं, आता काय करणार?

म्हणाले, "सेरी, बरें, आतां ह्याकडे बघायचेंच नाहीं."

*

याच गोविंदरावांचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एका डोळ्याचं. त्यानंतरच्या बैठकीला ते आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई सकाळचं एक लग्न उरकून थेट आले. कावेरीबाई कांजीवरम नेसल्या होत्या.

गोविंदरावांनी आपले स्लॅब टेबलावर मांडले आणि एक डोळा हातानं झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला. ज्या लेबलांना ते इतकी वर्षं मोतिया म्हणत आले आणि ज्यांच्यावरून डॉक्टरांशी कितीदा वाद घातला, ती ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढरी दिसत होती. साधी पांढरी. डॉक्टरांनी मान खाली घातली.

मग गोविंदरावांनी मान वर केली आणि बायकोकडे बघत पुन्हा तेच केलं. एक डोळा, दुसरा डोळा.

"ही साडी जांभळी आहे?"

"होय," कावेरीबाई म्हणाल्या.

सत्तरीच्या शांतीला त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडली होती ती साडी. मला म्हणाले, मी मरून रंगाची समजून आणली होती. हिला जांभळा रंग लग्नाआधीपासून आवडत नाही. मग बायकोकडे वळून विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?

कावेरीबाई एकेक स्लॅब उचलून पेटीत ठेवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, मरून मला शोभतें."