न्यू टाउनला दिलेली गोधडी

शनिवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कोलकात्यात, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये हजर: मी, बँकेतल्या बदलीमुळे आम्हा सगळ्यांना इथे घेऊन आलेला नवरा, सासूबाई आणि बारा वर्षांची मुलगी. गैरहजर: सासूबाईंनी शिवलेली एक गोधडी.

सकाळी सात वाजता सासूबाईंनी दंड पुढे केला. तीन लाल गांधी, एका ओळीत.

"आजीला मच्छरने काटलं," मुलगी म्हणाली. तिचं मराठी असंच आहे.

"डास असा रांगेत चावत नाही," सासूबाई म्हणाल्या. "गादी उचल."

मी टॉर्च घेऊन शिवण तपासली. कोपऱ्यात काळे ठिपके होते आणि शिवणीच्या घडीत मसुरीच्या डाळीएवढा ढेकूण. पलंगाच्या फटीत आणखी चार.

प्रवासाची माझी यादी ठरलेली आहे. खोलीत शिरल्यावर आधी गादीचे कोपरे बघायचे. बघून होईपर्यंत बॅग बाथरूममध्ये ठेवायची. सुट्टीत दार्जिलिंगच्या लॉजवर पोचलो तेव्हा मुलीला गाडी लागली होती. तिचं करण्याच्या नादात मी दोन्ही कामं गाळली. घरी आल्यावर ती बॅग याच पलंगावर उघडली आणि त्याच दुपारी, त्याच पलंगावर, गाठोडं बांधलं.

गाठोड्याचं सांगायला हवं. महाराष्ट्रातून नवीन कुटुंब इथे येतं तेव्हा माणसं आधी पोचतात आणि सामानाचा ट्रक आठवड्याने. तोवरचं अंथरूण-पांघरूण, कुकर, पोळपाट-लाटणं मी पुरवते. कुणाकडे काय गेलं ते वहीत असतं. वही उघडली. न्यू टाउन, पुण्याहून आलेलं आयटीतलं जोडपं, बाळ पाच महिन्यांचं. दोन चादरी, एक गोधडी.

"आधी त्या पोरीला फोन कर," सासूबाई म्हणाल्या.

"आधी खात्री तर करा," नवरा म्हणाला. "गोधडीत गेलेच असतील कशावरून? उगाच महाराष्ट्र मंडळभर बोभाटा." मग वहीकडे बघून, "यात ढेकणांचा रकाना नव्हता वाटतं?"

मी फोन लावला.

"काकू, गोधडी फार कामाला आली," ती म्हणाली. "आमचा ट्रक आला, पण बाळ आता तिच्यावरच झोपतं. इथे डास मात्र फार. मानेवर पुरळ उठलंय त्याच्या."

सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणाले, "दुपारी येते मी."

"या ना. चहालाच या."

फोन ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी यादी करायला घेतली. पडदे, उशांचे अभ्रे, चादरी उकळत्या पाण्यात. गाद्या गच्चीवर. बॅगा काळ्या पिशव्यांत बांधून. अकराला औषध मारणारा माणूस आला, फटीतले ढेकूण बघून म्हणाला, "छारपोका. दीदी, एक बार से नहीं जाएगा. पंद्रह दिन बाद फिर." सासूबाई आणि मुलीला शेजारी पाठवलं. दीड वाजेपर्यंत सगळ्या कामांवर खूण झाली होती. सासूबाईंनी सांगितलेलं पहिलं काम राहिलं होतं.

धुतलेल्या दोन चादरी घेऊन टॅक्सीने न्यू टाउनला गेले. दारातच सांगितलं. आमच्या घरात ढेकूण निघालेत, माझ्या बॅगेतून आले, गोधडीतून तुमच्याकडे आले असणार.

तिने बाळाला खिडकीपाशी नेऊन त्याच्या मानेची वळी उलगडून पाहिली. तीन गांधी होत्या, ओळीत. खाली जमिनीवर गोधडी पसरलेली होती, तिच्यावर बाळाचा खुळखुळा.

"सकाळी फोन केलात तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग सांगायचं ना, काकू. फोन ठेवून मी त्याला परत हिच्यावरच झोपवलं."

आम्ही दोघींनी मिळून गोधडी दोन पिशव्यांत कोंबली. टाक्यांच्या रांगेत एक हलताना दिसला, तो तिने चपलेने चिरडला. औषधवाल्याचा नंबर दिला. चहा झाला नाही. चादरी तिने घेतल्या नाहीत, दाराशी परत हातात दिल्या.

"एक करा," ती म्हणाली. "मंडळाच्या ग्रुपवर तुम्हीच सांगा. आम्ही नवीन आहोत. उद्या कुणाकडे निघाले तर सगळे म्हणतील, त्या पुण्याच्या बाईने आणले."

"आजच सांगते."

घरी येऊन मजकूर टाइप केला. चार ओळी: आमच्याकडे ढेकूण झालेत, माझ्याच बॅगेतून आले, गाठोडं काही दिवस बंद, न्यू टाउनचा यात दोष नाही. नवऱ्याने वाचून फोन परत दिला. "शेवटची ओळ काढ. आणि पहिली थोडी मऊ कर."

मी काहीच काढलं नाही. गोधडीच्या पिशव्या बरोबर आणून बाल्कनीत बांधून ठेवल्या आहेत. गुरुवारी नागपूरहून एक कुटुंब येतंय, त्यांनी अंथरुणाचं विचारलंय. मजकूर अजून पाठवलेला नाही.