न फुगणारं यीस्ट

कोंबड्यांच्या खाद्याच्या त्या कारखान्यात मक्याचा ट्रक आला की आधी मामांना हाक जाई. मामा गोणीत कोपरापर्यंत हात घालत, मूठभर मका नाकाशी नेत आणि डोळे मिटत. मग म्हणत, "उतरवा." नाही म्हणाले तर ट्रक परत. सव्वीस वर्षं हा न्यायनिवाडा चालू होता आणि त्यावर अपील नव्हतं. घरी दूध उतू गेल्याचा वास त्यांना कधीच येत नाही अशी मामींची तक्रार होती. पण घर त्यांच्या अधिकारक्षेत्राबाहेर पडे.

त्या वर्षी कारखान्याच्या मालकांच्या स्वतःच्या कोंबड्यांच्या शेडमधली अंडी घटली. मामांना सगळेच मामा म्हणत, पण खरी भाची एकच, आणि ती नेमकी जनावरांची डॉक्टर. तिने मेलेली कोंबडी फाडून पिवळट पडलेलं काळीज दाखवलं.

"मामा, मक्यात बुरशीचं विष आहे."

"मी वास घेतलाय त्याचा."

"त्या विषाला वास नसतो."

"मग ते विष कसलं?"

मालकांना मात्र भाचीचं म्हणणं पटलं. महिन्यात अंडी वाढली नाहीत तर मक्याची पारख दुसऱ्या कुणाकडे देऊ, असं ते छताकडे बघत म्हणाले. भाचीने विषावर उतारा म्हणून यीस्टच्या पावडरची पिशवी आणून दिली. टनाला एक किलो. आधी थोड्या भरड्यात कालवायची, मग मोठ्या मिक्सरमध्ये.

मामा परीक्षेशिवाय काही आत घेणारे नव्हते. मामी पावासाठी यीस्ट कसं जागवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी कोमट पाण्यात साखर घातली, चमचाभर पावडर टाकली आणि तासभर समोर बसून राहिले. बुडबुडासुद्धा आला नाही.

"मेलंय," मामांनी निकाल दिला आणि पिशवी कोपऱ्यात ठेवली.

दहा दिवसांनी भाची आली. "पावडर घालताय ना?"

"मेलेला माल कसा घालू? फुगली नाही गं ती."

भाचीने कपाळाला हात लावला. "अहो मामा, मेलेलीच असते ती! यीस्टची नुसती सालं आहेत. पोटात विषाला धरून ठेवतात आणि बाहेर नेतात. तुम्हाला काय कोंबड्यांचा पाव करायचा होता?"

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग स्वतःच मालकांकडे गेले आणि दहा दिवस आपल्यापायी फुकट गेल्याचं सांगून आले. परतल्यावर पावडर हाताने कालवली. भाचीने चाचणी करून भरवशाचा ठरवलेला मका वेगळा काढून तोच दळला, कारण सगळंच विष काही सालांच्या हाती लागत नाही, असं तिने बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात अंडी हळूहळू वाढायला लागली.

मग नवा ट्रक आला. मामांनी हात घातला, हुंगलं, डोळे मिटले. वास झकास होता. हमाल गोणीला हात घालून थांबले.

"नमुना दळा," मामा म्हणाले. "पट्टीवर बघू."

भाचीने आणलेल्या विषाच्या चाचणीच्या पट्टीने मका नापास केला.

"मामा, नाक बिघडलं काय तुमचं?" ड्रायव्हर वैतागला.

"नाक ठणठणीत आहे. वासही चांगला आहे. मका घेऊन जा."

ट्रक परत गेला. मालक दारात उभे होते. उरलेल्या पट्ट्यांचा डबा त्यांनी मामांच्या कपाटात ठेवायला सांगितला.