वरचे काका आणि नातीचा मायनर

आर्ट्सच्या मुलांनी कुठले विषय घेतले म्हणजे पदवी पदरात पडते, हे अख्ख्या बडोद्यात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. वरचे काका रिफायनरीतून निवृत्त झाले आणि त्याच सुमारास कॉलेजांत नवी पद्धत आली. एक मुख्य विषय म्हणजे मेजर, एक जोडविषय म्हणजे मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला एक, कौशल्याचा एक, मूल्यवर्धनाचा एक, आणि प्रत्येकाचे क्रेडिट वेगळे. मुलं गांगरली, आईबाप गांगरले, प्राध्यापक 'वेबसाइटवर बघा' म्हणून मोकळे झाले. एकटे काका खुलले. जन्मभर त्यांनी प्लांटच्या शटडाऊनची वेळापत्रकं आखली होती. घरी बसून काकूंच्या स्वयंपाकाचं वेळापत्रक आखायला घेतलं तेव्हा काकूंनी त्यांना बाहेर काढलं होतं, त्यामुळे हे काम अगदी वेळेवर आलं.

जून उजाडला की त्यांच्या हिंचक्यासमोर चपलांचा ढीग पडायचा. काका झोके घेत घेत ताट वाढायचे. "मेजर म्हणजे पोळीभाजी. मायनर म्हणजे डाळभात. कौशल्य म्हणजे फरसाण. आणि मूल्यवर्धन म्हणजे छास, आपलं ताक, मागत कुणी नाही, पण तिच्याशिवाय पानावरून उठता येत नाही." एका मुलीने भीतभीत विचारलं, "अने मिठाई, काका?" काका म्हणाले, "मिठाई पदवीदानाच्या दिवशी." या बाबतीत त्यांना स्थळकाळाचं भान नसे. करजणला माझ्या भाचीच्या लग्नात ते स्टेजवर आहेर द्यायला चढले आणि नवरदेवाच्या धाकट्या बहिणीला मायनर कुठला घेतलास म्हणून विचारू लागले. तिने चुकीचं उत्तर दिलं असावं, कारण काका खाली उतरेचनात. मागे रांग मांडवाच्या दारापर्यंत गेली, फोटोग्राफरने हात जोडले, शेवटी काकूंनी खालून नुसतं पाहिलं तेव्हा ते उतरले. आजही भाचीच्या अल्बममध्ये नवराबायको एका बाजूला आणि काका बोटांवर क्रेडिट मोजताहेत असा फोटो आहे.

त्यांचं एकच तत्त्व होतं, माणूस अडकता कामा नये. दोन तासांच्या मध्ये रिकामा वेळ दिसला की त्यांना गळका व्हॉल्व्ह दिसल्यासारखं होई. आमच्या सोसायटीत मराठी घरं बरीच, त्यामुळे अधूनमधून एखादं पोर मराठी घेऊ का म्हणून विचारायचं. काका ते मुळातच उडवून लावत. "मराठी घरी बोलतोसच की रे! घरबसल्या मिळतं त्यावर क्रेडिट कशाला घालवायचं? शिवाय तो वर्ग पार दुपारी शेवटी आहे. मधे बसून काय माशा मारणार? सायकॉलॉजी घे, सरळ बसते." आम्हा आईबापांनाही ते पटायचं. आमच्या सोसायटीत आज जिन्यात उभं राहून हाक मारली तर घरटी एक तरी सायकॉलॉजीवालं पोर बाहेर येईल.

गेल्या वर्षी त्यांची स्वतःची नात कॉलेजात गेली. तिचं वेळापत्रक काकांनी ती दहावीत असतानाच आखून ठेवलं होतं, त्यात शिंकायलासुद्धा जागा नव्हती. मी चहाला वर गेलो होतो, तेव्हा ती हिंचक्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, मायनर मला मराठी घ्यायचंय हं."

काकांनी नेहमीचं सुरू केलं, "घरी बोलतेसच ने तू..."

"बोलते, पण तुम्ही नि आजी बोलता ते मला अर्धंच समजतं. तुम्ही काही बोलता, आजी हसते, मग मी हसते. आजी हसली म्हणून."

काकांचा पाय जमिनीला टेकला आणि हिंचका थांबला. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले, तर तिथल्या माणसाने सांगितलं, "आ वर्षे मराठी नहीं चाले, काका. छोकरां ज नथी." पुरेशी मुलं जमवून आणली तर बघू, एवढं मात्र तो म्हणाला. मग काका सोसायटीत दारोदार फिरले. ज्यांचे विषय त्यांनीच हिंचक्यावर बसून ठरवले होते, त्यांनाच ते बदला म्हणून विनवू लागले. मुलं बिचारी नम्र होती. "काका, तमे ज तो ना पाडी हती," असं म्हणून त्यांनी पाणी पुढे केलं. तुम्हीच तर नको म्हणालात, हे ऐकून काका पाणी पीत आणि पुढच्या दाराची बेल वाजवत. परतताना ते आमच्याकडे टेकले. चहा निवत ठेवून म्हणाले, "सगळ्यांचं बसवून दिलं हो मी. हिचंच बसेना." मी सहसा त्यांची चेष्टा करतो, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

वर्ग निघाला नाही. नातीने सायकॉलॉजी घेतली, ती सरळ बसली. यंदाच्या जूनमध्येही चपला होत्या, पण काका आता आधी विचारतात, "तुला काय शिकावंसं वाटतं?" मुलं एकमेकांकडे बघतात, कारण ती उत्तर घ्यायला आलेली असतात, द्यायला नाही. ढीग जरा कमी झालाय.

परवा संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा काका नातीला रिफायनरीतल्या त्यांच्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट मी पूर्वी ऐकलेली आहे, ते ती एका दमात सांगत आणि शेवटाआधी स्वतःच हसत सुटत. आता ते प्रत्येक वाक्याला थांबत होते, अडेल असा शब्द उलगडून सांगत होते. आतून काकू हसल्या. नात हसली नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली, ओठांतल्या ओठांत ते वाक्य तिने एकदा म्हणून पाहिलं, आणि मग, खूप उशिरा, एकटीच हसली.